‘श्यामची आई’ मला आवडलं नाही, मग निबंधात काय लिहू?

प्रिय मावशी,

मी सातवीत आहे. फास्टर फेणेची आमच्या घरात आहेत तेवढी सगळी पुस्तकं मी इतक्यांदा वाचली आहेत की आई म्हणते, आता न बघता म्हणून दाखव. आमच्याकडे साने गुरुजी जयंतीला आंतरशालेय निबंध स्पर्धा असते. यंदाचा विषय आहे ‘मला भावलेली श्यामची आई’. मी आजोबांची जुनी प्रत घेऊन वाचायला बसले. ‘श्यामचे पोहणे’ या गोष्टीपर्यंत आले आणि पुस्तक मिटून टाकलं. लपून बसलेल्या मुलाला आई ओढून काढते, मारते, आणि तरी सगळे म्हणतात की आई असावी तर अशी. मला रागच आला. निबंधात मी तसंच लिहिलं. बाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, “छान लिहितेस, पण असं स्पर्धेला पाठवता येत नाही. पुस्तक आवडलं असं लिही.” मग आजोबांना दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत, पुस्तक उचलून कपाटात ठेवून आले. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आणखी एक. फास्टर फेणे माझा सगळ्यात लाडका आहे, पण त्याच्या पुस्तकांत मुली फारच कमी आहेत, आणि असल्या तरी पुढे त्याच असतात असं कधी होत नाही. हे कुठेतरी लिहावंसं वाटतं, पण लिहिलं तर फितुरी केल्यासारखं वाटेल. माझी मतं चुकीची आहेत का? स्पर्धेला काय पाठवू? निबंध सोबत जोडला आहे. अजून बारा दिवस आहेत.

— इयत्ता सातवीतली एक वाचक

*

प्रिय वाचक,

तुझं नाव आणि गाव छापत नाही, म्हणजे बाईंना आणि आजोबांना अवघडल्यासारखं होणार नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुस्तक न आवडणं चुकीचं नसतं. बाईंनी सांगितलं म्हणून ‘आवडलं’ असं लिहू नकोस. पण आत्ता आहे तसा निबंधही पाठवू नकोस. तो मी तीनदा वाचला. त्यात काही वाक्यं तुझी आहेत आणि काही कुठून तरी उचललेली. ती वेगळी केलीस की अर्धं काम झालं.

तू लिहिलंयस, ‘माझ्या आईने मला कधीच मारलं नाही, तरी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकले. पहिल्या दिवशी मी पण रडले होते.’ हे वाक्य निबंधातलं सगळ्यात चांगलं. ते दुसऱ्या कोणालाच लिहिता आलं नसतं. त्यात तुझा अनुभव आहे, श्यामची भीती तुला ओळखीची आहे हेही त्यात आहे, आणि तुझा मुद्दाही आहे. पण पुढच्याच ओळीत लिहितेस, ‘त्यामुळे हे पुस्तक आजच्या काळात कालबाह्य झाले आहे.’ हे वाक्य तुझं नाही. ते कोणीही, कोणत्याही पुस्तकाबद्दल, न वाचता लिहू शकतं. आणि तू तर पुस्तकाचा जेमतेम पहिला भाग वाचला आहेस. एवढ्यावर संपूर्ण पुस्तकाचा निकाल देता येत नाही. ‘पोहण्याच्या गोष्टीतलं आईचं वागणं मला पटलं नाही’ एवढं मात्र ठणकावून सांगता येतं. तेवढंच सांग. ते पुरेसं आहे.

असंच फास्टर फेणेबद्दल. ‘अप्रतिम, जबरदस्त, खिळवून ठेवणारं’ ही तीन विशेषणं खोडून टाक. त्यातून फेणे दिसत नाही आणि तूही दिसत नाहीस. त्याच्या खालची ओळ बघ: ‘मी ट्टॉक करायला शिकले आणि गणिताच्या तासाला चुकून केलं.’ पुस्तक आवडलं म्हणजे काय झालं, ते या एका ओळीत आलं. टाळूला जीभ लावून फेणेचा तो ‘ट्टॉक’ आवाज काढायला किती दिवस लागले, तेही लिही. मला वाचायला आवडेल.

आता त्या पोहण्याच्या गोष्टीकडे येऊ, कारण तुझा सगळा राग तिथे आहे. पत्रावरून वाटतं की मार पडला तिथेच तू पुस्तक मिटलंस. गोष्ट तिथे संपत नाही. कोकणात पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरतात, गावातली मुलं पोहायला शिकतात, आणि श्याम घाबरून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. तो शेवटी पाण्यात उतरतो, भीती जाते. मग घरी येतो तो रुसूनच. अंगावर वळ उठलेले असतात. ते पाहिल्यावर आईच्याच डोळ्यांत पाणी येतं, ती त्या वळांवर तेल लावते, आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मारलं असं सांगते.

हे वाचलं की तुझा राग निवळेल, असं मला म्हणायचं नाही. मुलांना मारू नये, कोणत्याही चांगल्या कारणासाठीही मारू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि ती गोष्ट वाचताना आजही त्या शिंपटीपाशी मला थांबावंसं वाटतं. पण राग पूर्ण गोष्टीवर असावा. आई मारते आणि नंतर स्वतःच रडते, हे वाचून तुला काय वाटलं? कदाचित आणखी राग येईल: आधी मारायचं आणि मग तेल लावायचं, हा कुठला न्याय? तसं वाटलं तर तसं लिही. तो मुद्दा आत्ताच्या मुद्द्यापेक्षा जास्त भक्कम असेल, कारण मग कोणी तुला ‘अगं, पुढचं वाचलंस का?’ असं विचारून गप्प करू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट नीट बघ. ही गोष्ट सांगतंय कोण? लहान श्याम सांगत नाही. आश्रमात राहणारा मोठा श्याम रात्री प्रार्थनेनंतर आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, म्हणून तर प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. आई तेव्हा या जगात नाही. साने गुरुजींची स्वतःची आई १९१७ साली गेली. ते तेव्हा शिकण्यासाठी घरापासून लांब होते, शेवटची भेट झाली नाही. पुढे स्वातंत्र्यलढ्यात नाशिकच्या तुरुंगात असताना, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ अशा पाच दिवसांत, त्यांनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, भोवती तुरुंगाच्या भिंती. अशा माणसाला वळ आठवतात ते त्यावर फिरलेल्या हातासकट. तू बारा-तेरा वर्षांची आहेस. तुला तो मार आत्ता, या क्षणी पडताना दिसतो. म्हणून तुला चीड येते आणि आजोबांना रडू येतं. पान एकच आहे, आणि मला विचारशील तर दोघंही ते बरोबरच वाचताय.

आजोबांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण स्पर्धा बारा दिवसांत होऊन जाईल आणि आजोबा घरातच असणार आहेत. त्यांच्या वयाच्या माणसांसाठी ‘श्यामची आई’ हे एकटं पुस्तक नव्हतं. शाळेत ‘खरा तो एकचि धर्म’ ही गुरुजींचीच प्रार्थना म्हटली जायची. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली काढलेला चित्रपट गावोगाव लागायचा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट, त्यामुळे त्याचा अभिमानही मोठा. घरात पुस्तकं मोजकी, त्यात हे एक हमखास असायचं, आणि ते मोठ्याने वाचलं जायचं. तुझ्या आजोबांनी प्रत इतकी वर्षं जपून ठेवली आहे. तू ती मागितलीस तेव्हा त्यांना किती बरं वाटलं असेल! आणि मग तुझा निबंध त्यांच्या हातात आला, ज्यात ते पुस्तक ‘कालबाह्य’ आहे. तुला पुस्तकाबद्दल म्हणायचं होतं. त्यांनी ते स्वतःबद्दल ऐकलं असावं.

त्यांची माफी मागायला जाऊ नकोस, मत मांडणं हा गुन्हा नव्हे. पण मत पटवायलाही जाऊ नकोस. कपाटातून पुस्तक काढ, त्यांच्यासमोर धर आणि विचार, “आजोबा, यातली तुमची आवडती रात्र कोणती? मला वाचून दाखवाल?” एवढंच. ते वाचतील तेव्हा मध्ये बोलू नकोस. वाचून झालं की विचार, पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा ते कुठे होते, कोणी वाचली होती. मला खात्री आहे की उत्तर पुस्तकाबद्दल कमी आणि त्यांच्या घराबद्दल जास्त असेल. मग ‘श्यामचे पोहणे’ ही गोष्ट तू त्यांना वाचून दाखव आणि तुला कुठे राग आला ते सांग. समोरासमोर सांगितलेलं त्यांना तेवढं लागणार नाही.

आता पुढचं वाचन. संपूर्ण पुस्तक वाचच, असा हट्ट मी धरणार नाही. न आवडणारं पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, तुलाही. पण ज्या पुस्तकाबद्दल लोकांपुढे लिहायचं आहे, ते सोडण्याआधी आणखी थोडं चाचपून बघावं. मी तुला चार गोष्टी सुचवते. शाळेत सारखी सांगितली जाते ती, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर लुगडं पसरते ती गोष्ट, तुझी वाचून झालीच असेल. माझ्या या चार त्यापेक्षा कमी ऐकलेल्या आहेत.

पहिली ‘अळणी भाजी’. आई कामाच्या घाईत भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, त्यांच्याकडे बघून श्यामही गप्प राहतो. आई मागाहून जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि आपण यांना असलं जेवू घातलं म्हणून ती हळहळते. आजवर बहुतेक सगळ्यांनी मला या गोष्टीचं तात्पर्य सांगितलं ते एकच: दुसऱ्याचं मन राखावं. ते खरंच आहे. पण तू मुलगी आहेस, तुझं लक्ष कदाचित वेगळ्या जागी जाईल. आई सगळ्यांच्या मागाहून जेवते, म्हणूनच तर हे घडतं. ती त्यांच्या पंगतीला बसली असती तर पहिल्या घासालाच मीठ वाढून झालं असतं आणि कोणाला काही सोसावं लागलं नसतं. लेखकाने हे बोट ठेवून दाखवलेलं नाही, पण पानावर ते आहे. अशी जागा स्वतः शोधून काढण्यात जी मजा आहे ती तुला फास्टर फेणेने शिकवली आहेच, तोही इतरांच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी बघतो आणि तिथून त्याची धावपळ सुरू होते.

दुसरी ‘मोठा होण्यासाठी चोरी’. ही तुझ्यासाठीच आहे. श्याम घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो, कशासाठी, तर पुस्तकं घेण्यासाठी! आज्ञाधारक, गुणी श्याम म्हणून जो मुलगा आपल्याला निबंधांतून दिसतो तो पुस्तकात तसा नाहीच. तो घाबरतो, लपतो, हट्ट करतो, चोरतो, खोटं बोलतो. तुला त्याचा आणि त्याच्या आईचा राग आला असेल, पण तो कंटाळवाणा मुलगा नाही, हे तरी तू कबूल करशील.

तिसरी ‘अर्धनारी नटेश्वर’. आई आजारी आहे, घरात करायला कोणी नाही, आणि श्याम तिला घरकामात मदत करतो. बायकी काम म्हणून लाजण्यासारखं त्यात काही नाही, पुरुषाच्या अंगीही बाईची माया आणि सेवा यायला हवी, असा त्या गोष्टीचा सगळा रोख आहे. हे १९३५ साली छापलेलं पुस्तक आहे. आज किती घरांत सातवीतल्या मुलाला चहा करता येतो, ते तुझ्या वर्गात विचारून बघ, आणि मग ‘कालबाह्य’ हा शब्द ठेवायचा की नाही ते ठरव.

चौथी ‘देवाला सारी प्रिय’. ही वाचताना तुला अडखळायला होईल, व्हायलाच हवं. एका म्हाताऱ्या दलित बाईची लाकडांची मोळी पडली आहे आणि विटाळाच्या भीतीने कोणी ती उचलून देत नाही. श्यामची आई श्यामला म्हणते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे. आणि पुढे म्हणते, घरी येऊन आंघोळ कर. पहिल्या वाक्याने आपलं मन भरून येतं आणि दुसऱ्या वाक्याने आपण दचकतो. त्या काळातल्या, त्या घरातल्या बाईने एवढं पाऊल टाकलं हे मोठंच. पण आंघोळीपाशी ती थांबली, हेही तितकंच खरं, आणि आपली मोळी उचलून दिल्यावर श्यामला आंघोळ करावी लागते हे कळलेल्या त्या म्हातारीला काय वाटलं असेल, हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे. त्या आईच्या मुलाने तो पुढे स्वतःच विचारला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी उघडा, एवढीच मागणी. दहा मे रोजी उपोषण सुटलं, देऊळ उघडलं. आई जिथे थांबली तिथून मुलगा पुढे गेला. तिचे उपकार तो आयुष्यभर सांगत राहिला आणि तरीही पुढे गेला.

एखाद्या पुस्तकावर, माणसावर प्रेम करायचं आणि तरी त्यातलं खटकतं ते बोलायचं, हे कसं करतात याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. म्हणून तुझ्या ‘फितुरी’कडे वळते.

फितुरी कसली त्यात? भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात आणला, त्याला सायकल दिली, आणि मराठी मुलांना एक असा नायक मिळाला जो अंगाने किडकिडीत आहे, ज्याला कोणी उपदेश करत बसत नाही आणि जो दिसेल त्या भानगडीत उडी घेतो. त्याआधी मुलांच्या पुस्तकांत मुलांनी बहुतेक वेळा शहाणं व्हायचं असायचं. फेणेने फक्त धावायचं असतं, डोकं चालवायचं असतं. तुला तो आवडतो याचं कारण तेच असणार. आमच्या वाचनालयातून ही पुस्तकं मुली मुलांइतक्याच हावरेपणाने नेतात आणि परत आणताना पानं तितकीच दुमडलेली असतात. म्हणजे वाचणाऱ्या मुली होत्याच, आहेतच. पुस्तकात मात्र त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. तुझं निरीक्षण बरोबर आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. जो लेखक आपल्याला आवडतो त्यालाच आपण ‘यात मी कुठे आहे?’ असं विचारतो. न आवडणाऱ्याकडे हे मागायला कोण जातं?

ते लिही, पण तक्रार करून थांबू नकोस. एका दुपारी बसून चार पानं लिहून काढ: तुझ्या गावातली एक मुलगी, तिची सायकल, आणि कोणाच्याच लक्षात न आलेली एक विचित्र गोष्ट. फेणेला त्यात आणू नकोस, त्याला राहू दे पुण्यात. तुझी मुलगी ट्टॉक करणार नाही, ती दुसरं काहीतरी करेल. काय करेल ते शोधताना तुला कळेल की भागवतांनी किती अवघड काम किती सहज केलं होतं.

आणि वाचायला दोन पुस्तकं सुचवते. ‘गोट्या’ लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली आहे. गोट्याची सगळ्यांना आठवण असते, चिंगी मागे पडली. ती शोध. जुन्या वाचनालयाच्या बालविभागात मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरं ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या लहानपणाच्या शाळेबद्दल लिहिलेलं, १९८१ साली आलेलं पुस्तक. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं आहे. पहिलीतच तोत्तोचानला शाळेतून काढून टाकतात, कारण ती डेस्कचं झाकण सारखं उघडमीट करते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते. मग तिला रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत घालतात, आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. सलग चार तास! पण मी ते तुला सुचवते आहे त्यातल्या आईसाठी. आपल्या मुलीला शाळेतून काढलं हे ती आई मुलीला सांगतच नाही. वीस वर्षांची होईपर्यंत सांगत नाही. ‘नवीन शाळेत जायचं का?’ एवढंच विचारते.

आता या दोन आया शेजारी शेजारी ठेव. एकीला वाटतं, मुलाला भित्रा म्हणून कोणी हिणवू नये, म्हणून ती त्याला मारून विहिरीवर धाडते. दुसरीला वाटतं, मुलीने स्वतःला वाईट समजू नये, म्हणून ती जगाने दिलेला शेरा तिच्यापासून लपवून ठेवते. दोघींच्या मनातली काळजी किती सारखी आहे, आणि दोघी किती वेगळ्या वागतात! तुला कोणती पटते ते मला माहीत आहे. मलाही तीच पटते. पण श्यामची आई कशाला घाबरली होती, हे मला तोत्तोचानच्या आईमुळे जास्त नीट दिसलं. तुझा निबंध इथून सुरू झाला तर तो स्पर्धेतल्या इतर निबंधांसारखा नक्कीच नसेल.

राहिल्या बाई. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना शाळेच्या नावाने निबंध पाठवायचा आहे, परीक्षक काय म्हणतील याची धास्ती त्यांना असणार. ‘छान लिहितेस’ असं त्या म्हणाल्या, ते मनापासूनच म्हणाल्या असतील. पण न आवडलेलं आवडलं म्हणून लिहायला सांगणं मला मान्य नाही, आणि साने गुरुजींच्या नावाच्या स्पर्धेत तर मुळीच नाही. तेव्हा असं कर. येत्या आठवड्यात त्या चार गोष्टी वाच, आजोबांकडून एक ऐक. मग नव्याने निबंध लिही. विषय ‘मला भावलेली’ असा आहे, तर पुस्तकातलं खरोखर काही भावलं असेल ते आधी लिही, एवढुसं असलं तरी चालेल. पैसे चोरणारा श्याम भावला तर तो लिही. मग पोहण्याची गोष्ट का पटली नाही ते लिही, तुझ्या स्वतःच्या पोहण्याच्या वाक्यासकट. मधल्या सुट्टीत, बाई एकट्या असताना, तो घेऊन जा आणि सांग, “बाई, मी पुढचं वाचलं. जे पटलं ते आणि जे पटलं नाही ते, दोन्ही लिहिलंय. तुम्ही एकदा वाचाल का?” माझा अंदाज आहे की त्या वाचतील आणि पाठवतीलही.

नाही पाठवला, तर यंदा स्पर्धेत भाग घेऊ नकोस. प्रमाणपत्र हुकेल, वाईट वाटेल, ते वाटू दे. पण आईला हे सगळं आधी सांगून ठेव, म्हणजे घरी आणखी एक गैरसमज व्हायला नको. आणि चारही गोष्टी वाचून काहीच भावलं नाही, तरीही हेच कर. ‘मला हे पुस्तक भावलं नाही, म्हणून मी यंदा लिहीत नाही’ असं बाईंना नम्रपणे सांगता येतं, आणि ते सांगायला पुष्कळ धीर लागतो.

निबंध झाला की त्याच्या खाली तारीख घाल आणि वही ठेवून दे. चार-पाच वर्षांनी पुन्हा वाचशील तेव्हा काय वाटेल ते आत्ता ना तुला ठाऊक, ना मला.

नवा निबंध मलाही पाठव, बक्षीस मिळो न मिळो. ‘अळणी भाजी’बद्दल तुझं काय म्हणणं आहे ते तर नक्की कळव. आणि आजोबांनी कोणती रात्र वाचून दाखवली, तेही.

तुझी,
मावशी